दुपारी थांबणारी नदी

नदी दुपारी थांबते, असं सुमेधाच्या पडद्यावर स्वच्छ दिसत होतं.

सकाळी उजाडलं की ती वाहायला लागायची. ऊन डोक्यावर आलं की एका ठरावीक जागी गप्प बसून राहायची. मग पुन्हा निघायची आणि अंधार पडायच्या आत पार आटून जायची. रात्रभर एक थेंब नाही. एक-दोन दिवस मध्ये गेले की पुन्हा तोच क्रम.

"ऐतवारी सुट्टी बी घेते का वं तुझी नदी?" चुलीपाशी बसल्या बसल्या यादवरावांनी विचारलं.

"बाबा, चेष्टा नको. डोकं फिरलंय माझं."

"फिरू दे. चहा घे मंग."

यादवराव खोब्रागडे म्हणजे सुमेधाचे वडील. रस्त्यांच्या कामावर मुकादमी करण्यात त्यांचा उभा जन्म गेलेला. निवृत्त झाल्यावर चंद्रपूरच्या घरात बसून ते दिवसभर सगळ्यांना सूचना द्यायचे. शेवटी "जा, जरा पोरीला दोन घास करून घाला," म्हणून सुमेधाच्या आईनं त्यांना तंबूवर धाडून दिलं आणि त्या दिवसापासून ती माउली भलतीच खुशीत होती.

तंबू कोसमगुड्याच्या बाहेर होता. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला डांबरी रस्ता या गावापर्यंत येतो आणि संपतो. पुढे आहे ती फक्त कोहकी नदी आणि तिच्या दोन्ही अंगांना डोंगर आणि जंगल. नदीच्या कडेकडेनं वर जात राहिलं, तर दिवसभराच्या चालीवर ईरपानार नावाचं माडिया लोकांचं गाव लागतं. उन्हाळ्यात काठानं, जागोजागी पात्र ओलांडत तिथे जाता येतं. एकदा पाणी चढलं की ईरपानार पावसाळाभर तुटतं. त्या दिवसांत तिथे आजारी पडायचं नाही, एवढाच उपाय लोकांच्या हाती होता.

उमेदीच्या काळात यादवरावांनी या नदीकाठानं रस्ता वर न्यायचं काम केलं होतं. एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही वेळा अर्ध्या वाटेतच कोहकीनं तो खडी-मुरुमासकट उचलून नेला. ज्या गावासाठी एवढा आटापिटा केला ते ईरपानार त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. त्या विषयावर ते बोलत नसत, आणि बोललेच तर नदीला शिव्या देत.

आता त्याच नदीचा नकाशा त्यांची मुलगी करत होती.

तसा जुना नकाशा होता. त्यात कोहकी म्हणजे एक निळी रेघ होती आणि रेघेशेजारी बारीक अक्षरांत छापलं होतं, 'अंदाजे'. पुढे विमानं आली, उपग्रह आले, लेझरचे झोत आले, तरी तो शब्द जागचा हलला नाही. वरून बघणाऱ्याला तिथे दिसतं ते झाडांचं छत. बांबू इतका दाट की लेझरचे थोडेच किरण जमिनीपर्यंत उतरतात, आणि नदीवर पडलेच तर गढूळ पाण्याखालचा तळ त्यांना लागत नाही. वरून बघून भागत नाही म्हटल्यावर सुमेधाच्या गटानं नदीच्या आतून बघायचं ठरवलं. त्यांनी बिया तयार करून वरच्या अंगाला नदीत सोडल्या. मोहाच्या बीएवढी एकेक बी, बाहेरून लाखेचं तपकिरी कवच आणि आत तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र. काही बिया तरंगत जायच्या, काही बुडत-उठत. आतलं यंत्र दाब मोजायचं, त्यावरून आपण किती उंचीवर आणि किती खोल आहोत ते बीला कळायचं. वाटेतला प्रत्येक हिसका, प्रत्येक वळण ते टिपायचं, आणि आसपासच्या बियांना हाळी देऊन त्या किती दूर आहेत हे सतत ताडत राहायचं. अनोळखी जागी एकट्यादुकट्या बीला आपण कुठे आहोत हे सांगता येत नाही. पण हजारो बियांच्या हकिकती एकमेकींशी जुळवल्या, की संगणक नदीचा सगळा तळ उभा करतो, खडक, डोह आणि भोवऱ्यांसकट.

हकिकती जुळवण्यासाठी सुमेधानं संगणकाला एक पक्का नियम घालून दिला होता. बी हलली म्हणजे ती पाण्यानं हलवली, आणि पाणी उताराकडेच जातं. एखादी बी चढावर गेल्यासारखी दिसली, तर तिचं घड्याळ बिघडलं असं समजायचं आणि तिचा प्रवास उलटा करून घ्यायचा. या नियमाचा तिला अभिमान होता. तज्ज्ञांच्या सभेत कुणी कधी त्याला हरकत घेतली नव्हती.

नकाशा पुरा झाला की सरकार ईरपानारला एक बिनचालक, सपाट बुडाची होडी देणार होतं. पुरातही खडक चुकवत रोग्याला खाली आणणारी. ड्रोन होते, पण ड्रोन औषधाची पेटी नेतं, बाळंतीण नेत नाही. आणि श्रावणातल्या ढगांत त्या डोंगरांमध्ये हेलिकॉप्टर घालायला कुणी वैमानिक राजी नव्हता.

बाळंतिणीचा प्रश्न पुस्तकी नव्हता. कोसमगुड्याच्या उपकेंद्रात जैनी पुंगाटी नावाची नर्स होती. तिची धाकटी बहीण सोमी ईरपानारला दिलेली. सोमीला सिकलसेल होता, आणि ती गरोदर होती, दिवस भरणार होते ऐन श्रावणात. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्याच्या पात्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि बाळंतपणात ते जिवावर बेतू शकतं. सुमेधाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या सख्ख्या भावाला हाच आजार होता. दवाखाना घरापासून हाकेच्या अंतरावर होता, म्हणून तो आज नाशिकला नोकरी करत होता आणि आईकडे लोणचं मागवत होता.

"आधीच खाली का नाही आणत तिला?" सुमेधानं एकदा विचारलं होतं.

"दोनदा गेली मी आनायले, मॅडम," जैनी म्हणाली. "सासू मरनाला टेकली हाय. तिला टाकून येत नाही म्हनते. तुमची होडी येऊन राहिली ना? मी तिला तसंच सांगून ठेवलं."

तेव्हापासून सुमेधाला झोप धड लागत नव्हती.

आणि नेमकी होडीच अडली होती. नदीच्या मधोमध एक घळ आहे. पाणी तिथे दोन कड्यांमध्ये घुसतं आणि खडकांवरून आदळत खाली येतं. तोच भाग सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तिथेच नकाशा कोरा. बिया घळीच्या तोंडापर्यंत नीट येत होत्या आणि नाहीशा होत होत्या. त्याच्या बदल्यात संगणकानं दुसरंच काही काढून ठेवलं होतं. नदीपासून बरीच वर, डोंगराच्या खांद्यावरून, ईरपानारहून कोसमगुड्याला येणारा एक नवाच प्रवाह. कुठल्याही नकाशात नसलेला, दुपारी थांबणारा.

तिनं नागपूरला फोन लावला. डॉ. पाठराबे तिचे वरिष्ठ. माणूस प्रेमळ, पण पडद्यावर नको ते दिसलं की त्यांचं पित्त खवळायचं.

"पुसून टाक ती रेघ," ते म्हणाले. "भुताटकी आहे. आणि घळीचा तुकडा संगणकाकडून भरून घे. आजूबाजूच्या उतारावरून तो बरोबर भरतो."

"म्हणजे अंदाजे, सर."

"अगं, चांगला अंदाज! महिनाअखेर मंजुरीची बैठक आहे. ती हुकली की होडी पुढच्या वर्षावर गेली."

सुमेधानं फोन ठेवला. अंदाजे नकाशावरून चाललेली होडी, घळीतलं पाणी आणि आत सोमी, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. पण होडीच आली नाही तर? त्याचंही चित्र होतंच.

दुसऱ्या दिवशी तिनं तपासण्यासाठी म्हणून शिल्लक पेटीतली एक बी सुरू केली आणि तशीच खिशात टाकून दिवसभर कामाला लागली. संध्याकाळी नकाशा उघडला तर कोसमगुड्याच्या बाहेर, बरोबर त्यांच्या तंबूच्या जागी, एक नवा ओढा उगवला होता. छोटासा, पण भरपूर पाण्याचा. तो थोड्या उंचावरून निघून तिच्या तंबूत येत होता.

तिनं मान वर केली. उंचावर यादवरावांची चूल होती.

"बाबा," ती म्हणाली, "आज मी किती वेळा चहा प्यायले?"

"मोजायचं सोडून देल्लं मी."

ती हसत सुटली. हसता हसता तिनं तो ओढा मोठा करून पाहिला. चहाला ती चढ चढून गेली होती. संगणकानं त्याच्या शहाणपणानं बीचं घड्याळ उलटं केलं आणि तिला वरून खाली वाहवत आणलं. मग तिनं डोंगरावरच्या प्रवाहाची मूळ मोजणी काढली. त्यातले बारीक हिसके आजवर लाटा समजून गाळून टाकले जात होते. ते तिनं पुन्हा आत घेतले. एकसारखे, एका ठेक्यात, डाव्या-उजव्या झोक्यासकट.

ती पावलं होती. डोंगरावरून नदी वाहतच नव्हती. कुणीतरी तिच्या बिया उचलून पायी चढावर, ईरपानारला नेत होतं.

सकाळी ती जैनीला घेऊन निघाली. पडद्यावरची रेघ धरून दोघी बांबूच्या रानात शिरल्या, आणि दहा पावलं आत जाताच पायाखाली मळलेली वाट लागली. जैनी थबकली.

"मॅडम, ही वाट नाही धरायची."

"का? वाघ आहे?"

"तसं नाही जी." जैनीला कसं सांगावं ते सुधरेना. "ही सामानाची वाट हाय. मानसाची नाही."

तिनं अडखळत सांगितलं ते असं. पुरात ईरपानारच्या लोकांचं काहीबाही वाहून जातं. भांडी, टोपल्या, लाकडं, कधी शेळी. ते खाली कोसमगुड्याला लागतं. नदीनं नेलं म्हणून ते कुणाचं होत नाही. ज्याचं त्याला पोचवायचं असतं, आणि पोचवायचं ते याच वाटेनं. वाट लांबची आहे, पण पुरात बुडत नाही. आपल्या स्वतःच्या कामाला या वाटेनं कुणी जात नाही. सोयरीक असो, बाजार असो, आजार असो, त्याला नदीकाठची वाट.

"पण माझ्या बियांचं काय?"

उत्तर पुढच्या वळणावर भेटलं. एक मोठं ऐनाचं झाड होतं, आणि त्याच्या सावलीत दोन बायका टोपल्या उतरवून पाय पसरून बसल्या होत्या. सुमेधानं हातातल्या पडद्याकडे बघितलं. नदी थांबायची ती हीच जागा. टोपल्यांत खारवलेली मासळी नव्हती, मोहफुलं नव्हती. काठोकाठ तिच्याच बिया भरल्या होत्या.

मैनी नावाच्या बाईनं तिला पाहून हसून जागा करून दिली. घळीच्या तोंडाशी कोसमगुड्याच्या बायका बांबूचा बांध घालून मासे धरत. यंदा माशांपेक्षा बियाच जास्त लागत होत्या.

"आम्ही गावच्या सभेत सांगितलं होतं ना," सुमेधा जवळजवळ ओरडलीच, "नदीत यंत्रं सोडलीत, हात लावू नका म्हणून?"

जैनीनं विचारलं. मैनीला फार नवल वाटलं. तिनं बरंच लांबलचक उत्तर दिलं.

"ती म्हनते, यंत्राले कोनी हात लावला नाही. यंत्र दिसलंच नाही कोनाले. हे तर बियानं हाय. वरच्या कोनाचं तरी पेरायचं बियानं वाहून गेलं, तर ते उपाशी मरतील. म्हनून मासे सोडून आधी हेच पोचवून राहिलो."

सुमेधा ऐनाच्या बुंध्याशी मटकन बसली. तिला राग यायला हवा होता. महिन्याभराची मेहनत टोपल्यांत भरून डोंगर चढत होती. पण अनोळखी माणसाचं बियाणं वाचावं म्हणून या बायका रोजची मासळी सोडून दिवसभराची चढण चढत होत्या.

मैनीच्या मागोमाग त्या ईरपानारला पोचल्या, तेव्हा गावाच्या मधल्या मोहाखाली सुमेधाच्या बियांचा ढीग होता. पानांनी नीट झाकलेला, मालकाची वाट बघत असलेला. एका म्हातारीनं त्यातल्या मूठभर परसात पेरूनही पाहिल्या होत्या आणि मालकीण आलेली कळताच ती काठी टेकत तक्रार घेऊन आली. एकही उगवली नव्हती. असलं खराब बियाणं जपून ठेवायला लावल्याबद्दल तिनं सुमेधाला चांगलं फैलावर घेतलं.

सोमी तिथेच उभी होती. पोट पुढे आलेलं, डोळे पिवळसर, आणि हसणं अगदी जैनीसारखं. "होडी आली का?" तिनं बहिणीला विचारलं. जैनीनं सुमेधाकडे बघितलं आणि सुमेधानं खाली.

तिनं तिथेच बसून हिशेब मांडला. नदीचा नव्हे, वाटेचा. बियांनी वाटेचा इंच न् इंच टिपला होता. चढ कुठे किती, हिसका कुठे बसतो, पाय कुठे घसरतो. डोक्यावर टोपली घेऊन जाणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली वाट, त्यामुळे तिनं कुठेही अंगावर येणारा चढ घेतला नव्हता. आणि सबंध वाटेत पाणी एकदाही आडवं येत नव्हतं. डोंगरातली बचाव पथकं वापरतात तसली एकचाकी खाट या वाटेवरून, चार माणसांच्या हातांत, आरामात जाण्यासारखी होती. तिनं हे जैनीला दाखवलं.

जैनीनं पडद्यावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी इकडचीच. लहानपनापासून ही वाट मले ठाऊक हाय. सोमीले हिच्यावरून न्यावं, हे मले कधी सुचलंच नाही मॅडम. सामानाची वाट म्हनून सोडून देल्लं." आणि तिनं तोंड ओढणीत लपवलं.

पण वाटेचा शब्द गायत्याकडे होता. गावची जमीन, वाटा, सणवार यांबद्दल त्याचं म्हणणं शेवटचं. गायता म्हणजे कोमटी मज्जी, एक हडकुळा, मितभाषी म्हातारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. जैनी त्याचं बोलणं सांगत गेली.

"ते म्हनतात, त्या वाटेनं वर आनतात. खाली काही नेत नाहीत. आपल्या कामासाठी ती वापरली, तर उद्या जो तो वापरन. मग नदीनं नेलेलं पोचवायची वाट उरनार नाही."

 माणूस उगीच हट्ट करत नव्हता. ज्या वाटेवर आपला स्वार्थ न्यायचा नाही अशी एक तरी वाट गावाला हवी, एवढंच तो म्हणत होता, आणि ते सुमेधाला पटत होतं. तरीही समोर सोमी उभी होती.

टोपली उतरवून बसलेल्या मैनीनं मध्येच एक प्रश्न विचारला.  गायत्यानं मोहाखालच्या बियांकडे पाहिलं, सोमीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच लांब बोलला.

जैनी सांगू लागली. "मैनीनं विचारलं, पुरात मानूस वाहून आलं तर ते कोन्या वाटेनं पोचवायचं? ते म्हनतात, याच वाटेनं. म्हनून आता असं ठरलं. सोमी खाली गेली, तर तिला नदीनं नेलं असं समजायचं. मग ती कोसमगुड्याच्या हवाली. जशी नेली तशी त्यांनी परत आनून द्यायची, बाळासकट. तसा शब्द देत असाल तर न्या. नाहीतर नाही."

"आनून देऊ," मैनी मराठीत म्हणाली. सुमेधाकडे बघून म्हणाली, म्हणजे तो शब्द तिचाही झाला. सुमेधानं आयुष्यात पुष्कळ कागदांवर सह्या केल्या होत्या. पण आता तिनं म्हटलेलं 'हो' त्या सगळ्यांपेक्षा जड होतं.

खाली येताच तिनं पाठराब्यांना सगळं सांगितलं. चहाच्या ओढ्यासकट.

"म्हणजे आपल्या प्रणालीनं नसलेली नदी काढली, हे तू बैठकीत सांगणार?" ते म्हणाले. "मंजुरी जाईल. होडी जाईल. आणि बाहेर लोक हसतील ते वेगळंच."

"घळ मी अंदाजानं भरणार नाही, सर. पुढच्या वर्षी पुन्हा मोजू. बियांना लाल रंग देऊ, सभा मासे धरणाऱ्या बायकांची घेऊ. यंदा मला एकचाकी खाट हवी. आणि ती वाट नकाशावर वाट म्हणून हवी."

पाठराब्यांनी तिकडे तिचा नियम उघडून पाहिला. "नियम कुणी लिहिला होता तो? पाणी उताराकडेच जातं म्हणून?"

"मीच."

"नियम बरोबर होता गं," पाठराबे सुस्कारा सोडून म्हणाले. "फक्त हललेलं सगळं काही पाण्यानंच नेलं, असं आपण धरून चाललो. खाट पाठवतो."

यादवरावांच्या मात्र ती वाट मनाला लागली. पडद्यावर तिची वळणं बघत ते बसून राहिले. "तीन खेपा," ते म्हणाले. "तीन खेपा मी काठानं रस्ता नेला. नकाशात नदी होती म्हनून नदी धरून गेलो. वर पाहिलंच नाही सुमे."  मुलीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग ते उठले आणि वाट नीट करायला कुदळ-फावडं घेऊन निघाले. गायत्यानं निरोप धाडला की कुदळ चालणार नाही, फक्त आडव्या आलेल्या फांद्या तोडा. फावड्याशिवाय वाटेची निगा राखायची वेळ त्यांच्यावर जन्मात पहिल्यांदा आली होती. कुरकुर करत त्यांनी ऐनाच्या झाडापर्यंत ती राखली.

श्रावणात कोहकी चढली आणि काठची वाट बुडाली. सुमेधा आणि जैनी खाट घेऊन आधीच वर जाऊन राहिल्या होत्या. सोमीची सासू आषाढातच वारली होती, सोमी आता खाली यायला तयार होती आणि दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं होतं. पण तिनं धीर धरला तरी बाळानं धरला नाही. पहाटे कळा सुरू झाल्या, पाठोपाठ ताप आणि धाप. जैनीनं नाडी धरली आणि बहिणीच्या तोंडाकडे न बघता म्हणाली, "चला."

ईरपानारच्या चौघांनी खाट उचलली. एक चाक मध्ये, चार मुठी चार हातांत. सुमेधा पडदा धरून पुढे चालत होती. "डावीकडे मूळ आहे. हळू. आता बावीस पावलं सपाट." बियांनी टिपलेला एकेक हिसका ती आधीच ओरडून सांगत होती, आणि तो टाळता येत होता. पाऊस डोळे उघडू देत नव्हता. खाली घळीत नदी गर्जत होती, पण वाट जशीच्या तशी होती. सोमी कण्हत होती. एकदा ती कण्हायची थांबली. जैनीनं बहिणीच्या गालावर चापटी मारली, तिला माडियात काहीतरी खरमरीत सुनावलं, आणि कण्हणं पुन्हा सुरू झालं.

ऐनाच्या झाडाखाली कोसमगुड्याची माणसं उभी होती. पुढे मैनी, आणि तिच्या शेजारी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेले यादवराव. ईरपानारच्या लोकांनी मुठी त्यांच्या हातांत दिल्या.  मैनीनं खाटेवरच्या सोमीच्या पोटाला हात लावला आणि तोच हात आपल्या छातीला लावला.

कोसमगुड्याला रुग्णवाहिका वाट बघत होती. त्या रात्री दवाखान्यात सोमीला रक्त चढलं, आणि उजाडता उजाडता मुलगी झाली. जैनीनं फोनवर एवढंच सांगितलं, "रडते हो, ताई! जोरात रडते!" मॅडमची ताई कधी झाली ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

पुढे महिनाभर सोमी खालीच राहिली. गौरी-गणपती होऊन गेले, पाऊस उघडला नव्हता, नदी तशीच भरलेली होती. एका सकाळी मैनी आणि तिच्या बरोबरीचे लोक उपकेंद्राच्या दारात येऊन उभे राहिले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी खाट धुऊन पुसून आणली होती, वर पानांचं छत बांधलं होतं. नदीनं नेलेलं परत पोचवायची वेळ झाली होती.

"मी बी जातो," यादवराव म्हणाले. "खाटीचं चाक कुरकुरते. पाहायले पाहिजे कोनी."

चाक मुळीच कुरकुरत नव्हतं. सुमेधानं त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक लाल बी टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

ती तंबूत पडद्यासमोर बसली. घड्याळ उलटं करायचा नियम तिनं कधीच काढून टाकला होता. कोसमगुड्यापासून एक बारीक रेघ निघाली आणि डोंगराच्या खांद्यावर चढू लागली.

नागपूरहून फोन आला. "खोब्रागडे, काहीतरी चुकलंय. तुझी नदी वर चाललीय."

"हो सर," ती म्हणाली. "पोचवायला चाललीय."

दुपारी नदी ऐनाखाली थांबली. रोजच्यापेक्षा जास्तच वेळ थांबली. एवढं लहान बाळ सोबत असलं की वेळ लागायचाच. सुमेधानं स्वतःच उठून चूल पेटवली, चहा केला, आणि कप घेऊन परत आली तेव्हा रेघ पुन्हा निघाली होती. सूर्य कलायच्या सुमाराला ती ईरपानारच्या मोहाखाली जाऊन टेकली. ज्या गावापर्यंत त्यांचा रस्ता कधी पोचला नाही, त्या गावात तिचे बाबा पोचले होते.